गाळातील कामकरी

लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण सर्वांनी शाळेत घोकला; मैलापाण्याचा इतिहास मात्र आपणांस कोणी शिकविला नाही. आम्ही कामगारांत वावरलेली माणसे. जे श्रम कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीत, तिकडे आमची नजर आधी जाते.

1914 साली मँचेस्टरच्या डेव्हीह्युम केंद्रात आर्डर्न व लॉकेट या दोघा रसायनज्ञांनी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली. पाणी निवळण्यास प्रथम सुमारे पाच आठवडे लागले. परंतु तळचा गाळ त्यांनी फेकला नाही. त्यावरच नवे मैलापाणी घेतले. असे वारंवार करता तेच काम काही तासांत होऊ लागले. तो गाळ म्हणजे कामाला सरावलेल्या असंख्य जंतूंचा समुदाय होता. आज जगभरची शहरे त्यांच्या श्रमावर उभी आहेत.

पुढे या कामकऱ्यांवर नवा बोजा पडला, तो औषधांचा. 1977 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या केंद्रातून शुद्ध होऊन निघालेल्या पाण्यात औषधांचे अंश सापडले. मग शोध सुरू झाला. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक जंतू बहुतांशी फोडतात; फेफऱ्यावरचे कार्बामाझेपीन मात्र जवळजवळ जसेच्या तसे नदीत जाते. जंतू आळशी आहेत म्हणून नव्हे. त्या रेणूची घडणच अशी पक्की, की ती उकलणारे हत्यार त्यांच्यापाशी नाही.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूची गोष्ट याहून कठीण. सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील केंद्राबाहेरच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळले, असे 2007 साली प्रसिद्ध झाले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते एवढे नसते! जंतू मारण्यासाठीच केलेले औषध जंतूंनीच पचवावे, ही अपेक्षा. अशा पाण्यात तगतात ते औषधाला न जुमानणारे जंतू; उद्या तेच आपल्या मुलाबाळांच्या आजारात उभे राहतील.

उपाय आहेत, ओझोन आहे, कोळसा आहे. प्रश्न खर्चाचा. 2024 साली युरोपीय संघाने ठरविले, की मोठ्या केंद्रांतील या जादा शुद्धीकरणाचा किमान 80 टक्के भार औषधे व सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्यांनी उचलावा. 2025 साली औषधनिर्माते त्याविरुद्ध न्यायालयात गेले.

यात आम्हांस नवल वाटले नाही. नफा आपला आणि घाण सर्वांची, हा हिशेब आम्ही फार वर्षे पाहत आलो आहो. जंतूंना संघ काढता येत नाही. त्यांच्या वतीने आणि नदीकाठच्या माणसांच्या वतीने हा हिशेब आपणच मागितला पाहिजे.