चांदा प्रदेशातील हरिणांची शिकार व काडतुसे

चांदा प्रदेशातील हरिणांची शिकार ही आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत एकेकाळी परवान्याने चालणारी आणि आता कायद्याने बंद असलेली प्रथा होय. या शिकारीत काडतुसाची निवड हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. अपुऱ्या शक्तीची किंवा चुकीच्या प्रकारची गोळी लागलेले जनावर जागीच न पडता जखमी अवस्थेत रानात जाते व सावकाश मरते. त्यामुळे काडतुसाची निवड शिकारीच्या नीतीचा आणि पुढे कायद्याचाही विषय ठरली.

प्रदेश व प्राणी

जुना चांदा जिल्हा ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच्या विभाजनातून गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. छत्तीसगडच्या सीमेलगतचा धानोरा तालुका याच जिल्ह्यात आहे.

येथील साग व बांबूच्या वनांत चितळ, सांबर व भेकर ही हरिणे आढळतात. नीलगाय व चौशिंगा यांनाही बोलीत हरीण म्हटले जात असले, तरी ते कुरंग गटातील प्राणी आहेत. भेकराचे वजन साधारण २० ते २५ किलोग्रॅम असते, तर पूर्ण वाढलेला सांबर नर २०० किलोग्रॅमहून जड असू शकतो. एकच काडतूस दोघांसाठी सारखेच योग्य ठरत नाही.

रायफल व बंदूक

रायफलच्या नळीच्या आतील बाजूस सर्पिल खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास येतो, तोच या नळीचा असतो. तो सुमारे १८.५ मिलिमीटर आहे. छर्ऱ्यांचा मारा अंतराबरोबर विखुरतो, म्हणून लांबच्या हरिणावर तो जखमी करणारा ठरतो.

ब्रिटिश अमलात लष्करी मापाची शस्त्रे खासगी व्यक्तींना देण्यावर निर्बंध होते. त्यातून .३१५ मापाची शिकारी रायफल भारतात रूढ झाली. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती तयार होत असे. तिची यंत्रणा ली-एनफील्ड धर्तीची, तर काडतूस मूळ आठ मिलिमीटर मानलिखर जातीचे आहे. या काडतुसाचे उत्पादन पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाले.

गोळीचा प्रकार

संपूर्ण धातूच्या आवरणाची गोळी शरीरातून आरपार जाऊ शकते आणि तिची बरीच ऊर्जा वाया जाते. मऊ टोकाच्या गोळीचे शिसे पुढील बाजूस उघडे असते. आघाताबरोबर ती पसरते व ऊर्जा शरीरातच खर्च करते. अशा पसरणाऱ्या गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळील डमडम येथे लष्करासाठी बनविण्यात आल्या. १८९९ च्या हेग घोषणापत्राने युद्धातील त्यांच्या वापरास मनाई केली. शिकारीत मात्र जनावर लवकर मरावे म्हणून त्याच योग्य मानल्या गेल्या.

हवामानाचाही परिणाम होतो. चंद्रपूरचा उन्हाळी पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. तापलेल्या कॉर्डाइट दारूमुळे नळीतील दाब वाढतो. म्हणून ब्रिटिश कारखानदार उष्ण प्रदेशांसाठी दारूचे प्रमाण कमी केलेली काडतुसे पुरवीत.

हाताने भरलेला दारूगोळा

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कोश, टोपी, दारू व गोळी. अमेरिका व युरोपात अनेक शिकारी वापरलेला कोश पुन्हा भरतात. त्यामुळे आपल्या रायफलला मानवणारा समतोल साधता येतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.

नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासण्याची भरमार बंदूक हा हाताने भरण्याचा जुना प्रकार होय. याच अधिनियमात पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. दर वेळी भरणे वेगवेगळे होत असल्याने तिच्या माऱ्याचा नेम व जोर अनिश्चित राहतो.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी शिकारीचे परवाने होते. मोठ्या शिकारीसाठी रायफलच वापरण्याचे बंधन होते; एकसंध गोळी वापरून बंदुकीने शिकार करण्यास परवान्यात विशेष मुभा लागे. रात्री, वाहनातून किंवा पाणवठ्यावर शिकार करण्यास मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धतीच रद्द झाली. आता कलम ११ खालील लेखी परवानगीचे अपवाद उरले आहेत; मानवी जीवितास धोकादायक ठरलेला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी प्राणी हे त्यांपैकी होत.

गुन्ह्यात वापरलेले शस्त्र शासनाच्या मालकीचे होते. दोषी व्यक्तीचा शस्त्रपरवाना रद्द करण्याचा व पाच वर्षे नवा परवाना नाकारण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूसारख्या गौण वनोपजावर या कायद्याने ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. परंतु शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. त्यामुळे पूर्वापार पारध करणाऱ्या वननिवासी समाजांनाही आज हरिणाची शिकार करता येत नाही.