यंत्राआधी चमू : १९६२ चा धडा

१/ यवतमाळहून किरणोपचारासाठी नागपूर-मुंबई गाठणाऱ्या कर्करुग्णाचे भवितव्य यंत्राइतकेच ते चालवणाऱ्या चमूवर अवलंबून असते.

२/ परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चे. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. त्याच वर्षी तुर्भ्याच्या अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

३/ पूर्वी एकदा आखलेली योजना बहुधा शेवटपर्यंत चाले. आता रुग्ण टेबलावर असतानाच स्कॅन घेऊन नेम तपासतात. गाठ आटली किंवा वजन घटले, तर योजनाच नव्याने आखतात.

४/ त्यासाठी डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांनी तीच प्रतिमा एकत्र वाचायला शिकावे लागते. काही मिलिमीटरांची चूकही निरोगी अवयवास भोवते. जिल्ह्यात उद्या यंत्र आले, तरी चमूची तयारी आजच करावी लागेल.