टायर बदलले, इंजिन गेलं, आता वॉरंटीचं काय?

(हे आपल्या पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आजचा विषय ऐकायला विचित्र वाटेल. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला ट्रॅकचे टायर लावले तर इंजिन खराब होऊ शकतं का? टायर कुठे, इंजिन कुठे! एक जमिनीला चिकटलेला, दुसरं बॉनेटखाली. पण या दोघांचं भांडण साठ वर्षं जुनं आहे, आणि गेल्या काही वर्षांत ते थेट वॉरंटीच्या कागदावर येऊन पोचलंय.

आधी तेलाचं समजून घेऊ. साध्या गाडीत इंजिनचं ऑइल इंजिनच्या तळाशी एका पसरट भांड्यात साठतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला 'चेंबर' म्हणतात. त्यात एक नळी बुडालेली असते, पंप तिच्यातून ऑइल ओढतो आणि बेअरिंगपर्यंत पोचवतो. आता घाटातली एसटी आठवा. वळण आलं की सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत दुसऱ्या बाजूला जाते. चेंबरमधलं ऑइल तेच करतं.

किती सरकतं, याचं गणित अगदी सोपं आहे. वळणावर गाडीला बाजूने बसणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, म्हणजे 1 जी, तर तेलाचा पृष्ठभाग 45 अंशात तिरका होतो. पंचेचाळीस! जेवणाचं ताट तेवढं तिरपं करा, आमटी ताटात राहील का? साध्या टायरवर गाडी 1 जीच्या अलीकडेच घसरायला लागते. म्हणजे टायरच एक प्रकारे इंजिनचा रखवालदार असतो. ट्रॅकचा मऊ, चिकट टायर लावला की घसरणं लांबतं, जोर 1 जीच्या पुढे जातो, आणि मुख्य म्हणजे लांब वळणात तो काही सेकंद टिकून राहतो. नळीचं तोंड उघडं पडतं, पंप तेलाऐवजी हवा ओढतो. जास्त आरपीएमवर फिरणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगला तेलाचा पापुद्रा लागतोच लागतो. तो गेला की धातूवर धातू. आवाज ऐकू येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

यावरचा उपाय रेसिंगवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत होता: ड्राय संप. खाली तेल साठवायचंच नाही. एक पंप ते उपसून वेगळ्या उंच टाकीत टाकतो, दुसरा तिथून इंजिनला देतो. पोर्शेने 1963 मध्ये जगापुढे आणलेल्या 911 मध्ये हीच व्यवस्था होती, आणि तीही रस्त्यावरच्या गाडीत. कारण उघड आहे. 911 चं इंजिन 'बॉक्सर', सिलिंडर डावीकडे-उजवीकडे आडवे पडलेले. वळणावर तेल थेट बाहेरच्या बाजूच्या सिलिंडर हेडमध्ये जाऊन बसतं. या टाकीची एक गंमत सांगतो. 1972 च्या मॉडेलमध्ये पोर्शेने ती जरा पुढे सरकवली आणि तेल भरायचं झाकण गाडीच्या उजव्या अंगावर बाहेरून दिलं. पंपावरची पोरं त्यात पेट्रोल ओतायला लागली! पुढच्याच मॉडेल वर्षाला झाकण गायब.

1990 च्या दशकाच्या शेवटी 911 पाण्याने थंड होणारी झाली आणि साध्या मॉडेलमधून ती वेगळी टाकी गेली. तेल इंजिनच्या आतच राहू लागलं. कंपनीने या रचनेला 'इंटिग्रेटेड ड्राय संप' असं नाव दिलं. माझ्या मते हे नाव म्हणजे एका खोलीत पडदा लावून 'टू बीएचके' म्हणण्यासारखं आहे. पण 1999 च्या जीटी3 ला, जी ट्रॅकवर नेण्यासाठीच होती, वेगळी टाकी असलेलं रेसिंगमधलं इंजिन मिळालं. कुठल्या गाडीला कुठला टायर झेपेल हे कारखान्यात माहीत होतं, एवढं त्यावरून कळतं.

आता या गोष्टीची उलटी बाजू बघा. 2012 मध्ये टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून एक छोटी, स्वस्त स्पोर्ट्स कार आणली. टोयोटाची 86 आणि सुबारूची बीआरझेड, इंजिन पुन्हा बॉक्सरच. तिला टायर दिले मिशेलिन प्रायमसी, 215 रुंदीचे. लोक हसले, 'प्रियसचे टायर' म्हणून चिडवलं. पण मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा यांचा विचार वेगळा होता: गाडी कमी वेगातच खेळायला लागली पाहिजे, मजा यायला शंभराच्या पुढे जावं लागू नये. मला हा विचार आजही पटतो. गाडीचा एकूण हिशोबच त्या टायरभोवती बांधलेला होता.

मग आली पुढची पिढी, जीआर86. इंजिन 2.4 लिटर, वरच्या मॉडेलला 18 इंची चाकं आणि जास्त पकडीचे पायलट स्पोर्ट 4 टायर. ट्रॅकवाल्यांनी त्याहून चिकट टायर लावले, ऑइल प्रेशरचे आकडे नोंदवले, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली: उजवीकडच्या लांब, वेगवान वळणात प्रेशर खाली येतंय. त्यात भर म्हणून काहींना चेंबर उघडल्यावर जोडाला लावलेल्या सीलंटचे तुकडे तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत सापडले. म्हणजे इंजिन गेलं तर दोष कुणाचा? टायरचा, चालवणाऱ्याचा, की कारखान्यात जास्त पिळलेल्या ट्यूबचा?

2022 मध्ये अमेरिकेत हा प्रश्न एका गिऱ्हाईकाच्या दारात आला. इंजिन गेलं, वॉरंटी मागितली, तर सोशल मीडियावरचे गाडी आडवी घसरवतानाचे फोटो पुढे करून नकार आला. मंडळी, आपण रील टाकतो तेव्हा हे डोक्यात असतं का? बातमी पसरली, बोंबाबोंब झाली, आणि शेवटी कंपनी दुरुस्तीला तयार झाली. सगळ्यात कळस म्हणजे हीच गाडी घेणाऱ्याला टोयोटा नासाचं एक वर्षाचं सभासदत्व देत होती. रॉकेटवाली नासा नव्हे हं, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. त्यात ट्रॅकवर गाडी चालवण्याचा एक दिवस फुकट. एका हाताने ट्रॅकचं तिकीट द्यायचं आणि दुसऱ्या हाताने ट्रॅकवरचा फोटो मागायचा!

अमेरिकेत यावर कायदा आहे, 1975 चा मॅग्नसन-मॉस. त्याचा सार असा: दुसऱ्या कंपनीचा पार्ट लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, पण त्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर नाकारता येते. टायरच्या बाबतीत हे फार अवघड होऊन बसतं. नुसता टायर इंजिन मोडत नाही. टायर अधिक वळण अधिक वेग मोडतो, आणि तो हिशोब जळक्या बेअरिंगवर लिहिलेला नसतो. त्यातून वॉरंटीच्या पुस्तिकेत 'रेसिंग किंवा स्पर्धा' वगळलेली असतेच. मित्रांबरोबर ट्रॅकवर घालवलेला रविवार ही स्पर्धा का? इथेच सगळं अडतं.

निस्सानने या प्रश्नाला फारच जपानी उत्तर दिलं होतं. 2007 च्या शेवटी जपानमध्ये आलेल्या आर35 जीटी-आरला ताशी 180 किलोमीटरचं बंधन होतं. गाडी मान्यताप्राप्त सर्किटवर आहे हे जीपीएसने ओळखलं की ते बंधन काढता यायचं. मात्र नंतर वॉरंटी टिकवायची तर खास सर्व्हिस सेंटरवर पैसे भरून तपासणी. म्हणजे ट्रॅकवर जा, पण घरी आल्यावर हातपाय धुऊन आत ये.

याच्या अगदी उलट वागली ह्युंदाई, आणि तेही ऑस्ट्रेलियात. अल्बर्ट बिअरमन हे बीएमडब्ल्यूच्या एम विभागातून 2015 मध्ये ह्युंदाईत आले, आणि त्यांच्या हाताखाली आय30 एन तयार झाली. 2018 मध्ये ती ऑस्ट्रेलियात विकायला आली तेव्हा कंपनीने जाहीर केलं की पाच वर्षांची वॉरंटी ट्रॅकवरही चालेल, फक्त स्पर्धा आणि वेळ मोजणं नको. आणि पुढचं ऐका: ट्रॅकचे सेमी-स्लिक टायर लावले तरी चालेल! ज्या टायरवरून बाकीचे भांडतात तोच त्यांनी तोंडाने नाव घेऊन मान्य केला. आता हे काही दानधर्म नव्हतं. ह्युंदाईला स्पोर्ट्स कारच्या जगात कुणी गंभीरपणे घेत नव्हतं, आणि विश्वास कमवायला जाहिरातीपेक्षा हा कागद जास्त कामाचा होता.

'वेळ मोजणं नको' ही अट मात्र मला मजेशीर वाटते. आज प्रत्येकाच्या खिशात लॅप टायमर आहे. फोन डॅशबोर्डवर लावला आणि ॲप चालू राहिलं, तर तो रविवार मोजलेला धरायचा का? तुम्हाला काय वाटतं ते व्हॉइस नोटवर पाठवा, निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवतो.