मदरसा आणि गणित : एका अनुमानाची तपासणी

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. मदरशात शिकणारी मुलं गणितात मागे पडतात. त्यांच्या दिवसाचा मोठा भाग कुराणपठणात आणि अरबीत जातो, पाठांतराची सवय लागते, संस्था चालवणारे धर्मशिक्षणात वाढलेले असतात आणि गणिताची त्यांना आस्था नसते. म्हणून गणित कच्चं राहतं. तेव्हा व्यवस्थापन बदला, निदान मदरशाला शाळा म्हणू नका. हे मत इतकं रुळलं आहे की त्याला पुरावा मागायचं कोणाला सुचत नाही. यातलं पहिलं विधान पुष्कळ ठिकाणी खरं आहे. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र सदोष आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलांना पडतो.

हा दोष आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी ओळखला होता. जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान त्यांनी नाकारलं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही इथली उपाधी, म्हणजे अनुमानात लपून राहिलेली अट. मदरसा आणि कच्चं गणित यांच्यामध्येही अशी उपाधी दडली आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवस्थापनाच्या धर्मावर दोष ठेवता येत नाही.

हे पाहायला बांगलादेशाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. तिथले कौमी मदरसे सरकारी अभ्यासक्रमाबाहेर आहेत, पण आलिया मदरशांचं तसं नाही. त्यांच्यात मंडळाने ठरवलेलं गणित शिकवलं जातं, दाखिल परीक्षा एसएससीच्या बरोबरीची धरली जाते, मान्यताप्राप्त मदरशांतल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात आणि कारभार स्थानिक समिती पाहते. त्याच परिसरात त्याच पद्धतीने पगार मिळणारी साधी माध्यमिक शाळाही असते. नियाज असदुल्ला, नझमुल चौधुरी आणि अमित दर यांनी ग्रामीण भागातल्या अशा माध्यमिक विद्यार्थ्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. मदरशात कोणतं मूल जातं, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, त्यांची धर्मनिष्ठा, शाळेचं अंतर, सगळं त्यात येतं. ही निवड हिशेबात धरल्यावर धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष माध्यमिक शाळांच्या गुणांत फरक उरला नाही.

इथे मदरशांचे कैवारी टाळ्या वाजवून थांबतात. तसं थांबणं अप्रामाणिकपणाचं आहे. कारण त्याच अभ्यासात पुढे आढळलं की प्राथमिक शिक्षण मदरशात झालेली मुलं, एकाच शाळेत, एकाच वर्गात बसूनही, इतरांच्या मागे होती. पूर्वपक्षाने बोट ठेवावं ते इथे, आणि मी त्याला ते ठेवू देतो. पण त्याच गणनेत मुलींच्या बाजूलाही अशीच तूट आहे. मुलगी आहे म्हणून गणित येत नाही, असं आज कोणी सुशिक्षित माणूस म्हणणार नाही. तो लगेच विचारील, घरकामातून तिला अभ्यासाला वेळ किती मिळतो? शिकवणी भावाला लावली की तिला? वर्गात प्रश्न कोणाला विचारले जातात? मदरशातून आलेल्या मुलाबद्दल मात्र यातला एकही प्रश्न निघत नाही. तिथे धर्म हेच उत्तर पुरेसं वाटतं. एकाच तक्त्यातल्या दोन ओळी वाचायला आपण दोन वेगळे चष्मे का वापरतो?

तेव्हा प्रश्न पहिली ते पाचवीचा आहे. बांगलादेशात या पातळीच्या मदरशांना इब्तेदायी म्हणतात. 2013 मध्ये तिथल्या सरकारने 26,193 खाजगी नोंदणीकृत प्राथमिक शाळा ताब्यात घेतल्या. स्वतंत्र इब्तेदायी मदरसे त्यात नव्हते. त्यांच्या शिक्षकांपैकी काहींच्या हाती तुटपुंजं मानधन पडे, बाकीच्यांच्या हाती काहीच नाही. 2018 च्या जानेवारीत हे शिक्षक ढाक्याच्या प्रेस क्लबसमोर उपोषणाला बसले होते. ज्या वयात हातचा घेणं, स्थानिक किंमत आणि अपूर्णांक पक्के व्हायचे, त्या वयातलं मूल पगार नसलेल्या माणसाच्या हाती सोपवलं, आणि नंतर त्याच्या कच्च्या गणिताचं खापर कुराणाच्या तासिकेवर फोडलं. माझ्या मते ओलं लाकूड सापडतं ते इथे. घरच्या परिस्थितीचा न मोजलेला भागही त्या तुटीत असेल, पण तोही व्यवस्थापनाचा धर्म नव्हे.

आता बांगलादेशाबाहेर पाहू. इंडोनेशियातले मदरसे शिक्षण खात्याकडे नसून धर्मखात्याकडे आहेत. 1975 मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने त्यांच्या अभ्यासक्रमात सर्वसाधारण विषयांचा वाटा 70 टक्के ठरला. तरी नव्वद टक्क्यांहून अधिक मदरसे खाजगी, त्यांतले बरेचसे तोकड्या पैशावर चाललेले. याच व्यवस्थेत सेरपाँगची ‘इन्सान चेंडेकिया’ ही सरकारी मदरसा-शाळा आहे, विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या गुणांत देशात अग्रस्थानी पोचलेली. तिचा दाखला मी पुरावा म्हणून देणार नाही. ती प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडते. जो निकष गरीब मदरशाला लावला, तोच हिलाही लावायला हवा. नेदरलँड्सचा दाखला अधिक वजनाचा आहे. तिथे 1917 पासून धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा मिळतो, आणि 1988 पासून इस्लामी प्राथमिक शाळा आहेत. त्यांतल्या काहींचा कारभार भोंगळ होता, सरकारी तपासनिसांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. तरीही समाजशास्त्रज्ञ याप द्रोंकर्स यांना, तशाच घरांतली मुलं असलेल्या इतर शाळांशी तुलना केल्यावर, इस्लामी शाळांतली मुलं शेवटच्या चाचणीत पुढे दिसली.

राहिला पाठांतराचा आक्षेप. दर्स-ए-निझामी या मदरशांच्या पारंपरिक अभ्यासक्रमाच्या वरच्या वर्गांत ‘सिराजी’ हा वारसाहक्काचा ग्रंथ शिकवतात. एक स्त्री मरण पावली; मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी, मुलंबाळं नाहीत, वडील नाहीत. पतीचा वाटा 1/2, बहिणींचा मिळून 2/3. बेरीज 7/6, म्हणजे मालमत्तेपेक्षा हिस्से जास्त. मग छेद सहाऐवजी सात धरतात : पतीला 3/7, प्रत्येक बहिणीला 2/7. सगळ्यांचे वाटे सारख्याच प्रमाणात आखडले. ज्याला छेद म्हणजे काय हे कळलं आहे, त्याला यातलं सौंदर्य दिसेल. ज्याला चौथीत ते कळलं नाही, तो हाही नियम घोकूनच पार पाडील. अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग अशाच वाटण्यांना वाहिलेला आहे. धर्मशिक्षणाला गणिताची गरज आतूनच आहे. उणीव आहे ती खालच्या वर्गात अपूर्णांक समजावून देणाऱ्या माणसाची.

महाराष्ट्राने 2015 च्या जुलैत गणित, विज्ञान, इंग्रजी न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरण्याचं ठरवलं. गणित सर्व मुलांना मिळावं, हा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच राज्यात डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत हे विषय शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकाला महिना 6,000 आणि बी.एड. शिक्षकाला 8,000 रुपये मानधन होतं. 2024 च्या ऑक्टोबरात ते 16,000 आणि 18,000 करण्याचा निर्णय झाला. आठ हजारांत बी.एड. झालेला माणूस गणित शिकवायला किती दिवस टिकणार होता? शिवाय सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार शाळेच्या वयातली जेमतेम 3 टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, उर्दू आणि मराठी शाळांत बसतात. मुस्लिम मुलांच्या गणिताची चिंता मदरशाच्या दारातच अडवून धरली, तर या बहुसंख्य मुलांकडे कोण पाहणार?

आता मानधन वाढलं आहे, तर पुढचं काम सरकारने करावं. योजनेतल्या मदरशांत आणि त्यांच्या जवळच्या जिल्हा परिषद शाळांत तिसरीच्या मुलांची गणिताची एकच चाचणी जूनमध्ये घ्यावी, त्याच मुलांची पुन्हा एप्रिलमध्ये घ्यावी, आणि शिक्षक किती महिने हजर होता, त्याला पगार कधी मिळाला, हे त्या गुणांशेजारी लिहून सगळा तक्ता लोकांसमोर ठेवावा.