न लपणारी तार

दहिसरमध्ये पुनर्विकासाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला ‘रडार’ हा शब्द येतोच. रडारमुळे उंची मिळत नाही, रडारमुळे बिल्डर फिरकत नाही, रडारमुळे जुनी बिल्डिंग टेकूवर उभी आहे. गंमत अशी की मुळात हे रडार नव्हेच. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ते हाय फ्रिक्वेन्सी रिसिव्हिंग केंद्र आहे. सोप्या शब्दांत, एक मोठा कान.

विमान अरबी समुद्रावर फार आत गेलं की नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. हाय फ्रिक्वेन्सीच्या लहरी मात्र आयनोस्फिअर नावाच्या वरच्या थरावरून वळून परत जमिनीवर येतात. हजारो किलोमीटर लांबून आलेला तो क्षीण आवाज दहिसरला ऐकायचा. बोलायचं केंद्र वेगळं, जुहूकडे. शेजारी कुणी ओरडत असेल तर कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून बोलणारा आणि ऐकणारा असे लांब ठेवतात. आणि कानासमोर उंच भिंती नकोत, म्हणून आजूबाजूच्या बिल्डिंगांना उंचीची मर्यादा.

याच लहरींवर छंद म्हणून बोलणाऱ्या लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. अमेरिकेत असा माणूस घरामागच्या अंगणात काँक्रीटचा पाया ओततो आणि वीस मीटरचा लोखंडी मनोरा उभा करतो. मुंबईत अंगणच नाही. इथे असते ती गच्ची, आणि ती सगळ्यांची. त्यामुळे या शहरात अँटेना उभारताना इंजिनिअरिंगच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: आकाशात तार टांगायला परवानगी कुणाची?

हा प्रश्न जुना आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारसंदेशांचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. पुढे बिनतारी यंत्रणाही त्याच चौकटीत आली. भारतातले पहिले हॅम म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू १९२१ मध्ये प्रसारण करू लागले. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी कार्यक्रम सुरू केले. रीतसर मुंबई केंद्र आलं ते त्यानंतर, २३ जुलै १९२७ ला. म्हणजे या शहरात रेडिओ आधी हौशी लोकांनी आणला, कंपनी मागून आली. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने हौशी परवाने रद्द केले. एका हुकुमासरशी छंद हा गुन्हा झाला.

तीन वर्षांनी या गुन्ह्याची गरज पडली. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिल्यावर काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. ट्रान्समीटर उभा करून देणारे नरिमन प्रिंटर हे युद्धापूर्वीचे परवानाधारक हॅम. प्रसारण व्हायचं ४२.३४ मीटरवर.

हा आकडा जरा सोडवून बघा. ३०० ला तरंगलांबीने भागलं की मेगाहर्ट्झ मिळतात. ३०० भागिले ४२.३४, म्हणजे सुमारे ७.०९. आज भारतात हॅम लोकांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो. काँग्रेस रेडिओ बरोबर त्याच पट्ट्यात होता.

आता तार मोजू. सर्वांत साधा एरियल म्हणजे डायपोल. त्याची लांबी तरंगलांबीच्या अर्ध्याहून थोडी कमी, इथे सुमारे २० मीटर. ट्रान्समीटर ट्रंकेत घालून टॅक्सीने नेता येतो, खाटेखाली सरकवता येतो. वीस मीटर तार मात्र उघड्यावर आणि उंचावरच टांगावी लागते. आखडती किंवा वाकडी तार चालते, पण पल्ल्याची किंमत मोजून. रेडिओचा एवढाच भाग असा आहे जो नीट चालायचा तर दिसायलाच हवा.

पोलिसांच्या गाड्या सिग्नलची दिशा शोधत फिरत, म्हणून केंद्राची जागा सारखी बदलायची: चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी, गिरगाव. प्रत्येक बिऱ्हाडी एरियल नव्याने बांधावा लागला असणार, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर. तरी शेवटी घात तारेने केला नाही. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले, त्यांनीच जागा दाखवली आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात चालू प्रसारणावर धाड पडली. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं चाललं जेमतेम तीन महिने.

आज हॅम व्हायला परीक्षा देऊन केंद्र सरकारकडून परवाना घेता येतो. सरकार ‘हो’ म्हणतं. अडतं ते सोसायटीत. गच्ची गळेल, वीज पडेल, टीव्ही बिघडेल, रेडिएशन होईल. यातली पहिली भीती अगदी खरी आहे. स्लॅबला भोक पाडलं की वॉटरप्रूफिंग गेलंच. म्हणून मुंबईतल्या गच्चीवर मनोरा बोल्टने ठोकू नये. काँक्रीटच्या जड ठोकळ्यात साताठ मीटरचा पाइप उभा करायचा, तीन दिशांना सारख्या कोनात ताणाच्या तारा द्यायच्या आणि त्याही वजनालाच बांधायच्या. वाऱ्याचा हिशेब जूनच्या वादळाचा धरायचा, डिसेंबरचा नाही. लोखंड गॅल्व्हनाइझ्डच हवं. दहिसरला खाडीची खारी हवा आहे, साधा नटबोल्ट लवकर गंजतो. अर्थिंग वेगळं आणि जमिनीपर्यंत. पाइपाच्या टोकावरून तारेचे दोन हात उतरते सोडले की उलटा व्ही होतो आणि सात मेगाहर्ट्झचं काम एका खांबात भागतं. बिल्डिंग सात मजली असेल तर वीस मीटर उंची फुकटच मिळाली. अंगणातला मनोरा नाही, पण आख्खी बिल्डिंगच मनोरा झाली.

शेजाऱ्यांना हे पटवायचं तर १९९३ चं लातूर सांगावं. किल्लारीच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅम लोकांनी संदेश पोचवले. त्यांना ना टॉवर कंपनी लागली, ना इंटरनेट. लागली बॅटरी, सेट आणि दोन आधारांमध्ये ताणलेली तार.

दहिसरचं केंद्र गोराईला हलवण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली आहे. ते हललं की उंचीची अट सुटेल, पडक्या बिल्डिंगांतल्या माणसांना धड घरं मिळतील. ती मिळायलाच हवीत. मग प्रत्येक टॉवरच्या नियमावलीत गच्चीबद्दल एक कलम लिहिलं जाईल. तिथे सोलर पॅनलला जागा असेल, मोबाइल कंपनीला भाड्याने जागा असेल. त्याच कलमात परवानाधारक हॅमच्या वीस मीटर तारेसाठी एक ओळ घालायला फार शाई लागणार नाही.