धुराचा स्वाद

मद्यपानाची भलामण करण्याकरितां आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. परंतु एका धुराच्या वासाचा इतिहास सुज्ञ वाचकांसही मनोरंजक वाटेल. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नांवाचें बेट आहे. तेथें झाडी विरळ. जळण म्हणजे ‘पीट’. दलदलींत हजारों वर्षें अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा हा थर विटांसारखा कापावा, वाळवावा आणि जाळावा. मोड आलेले जव त्याच धगीवर सुकवीत. धुरांतील फिनॉलवर्गीय द्रव्यें दाण्यांस चिकटत व पुढें व्हिस्कींतही उतरत. आपल्याकडे दुधास धूर लागला तर गृहिणी हळहळते. तेथें त्यास इलाज नव्हता. एकोणिसाव्या शतकांत आगगाडीनें कोळसा पोंचविला, तशी मुख्य भूमीवरील बहुतेक व्हिस्की निर्धूर होऊं लागली. आयलाच्या कित्येक भट्ट्यांनीं मात्र पीट सोडला नाहीं, आणि नाइलाज हीच त्यांची ओळख ठरली.

त्या धुराचें अत्तर झालें तें न्यूयॉर्कमध्यें. २००५ च्या सुमारास ‘मिल्क अँड हनी’ या पानगृहांत सॅम रॉस यांनीं ‘पेनिसिलीन’ नांवाचें कॉकटेल रचिलें: सौम्य स्कॉच ६० मिलिलिटर, लिंबाचा रस, मध व आलें. हा तर पडशावरचा काढाच! (खरें पेनिसिलीन १९२८ सालीं शोधणारे फ्लेमिंगही स्कॉटिशच.) वरून आयलाची धुरकट व्हिस्की सुमारें ७ मिलिलिटर हलकेच सोडावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचें ‘रॉब रॉय’ घरीं करतांनाही ही युक्ति चालते. चमचाभर पुरे, अधिक घातल्यास बाकीचे स्वाद बुडतात. मात्र ती ढवळूं नये, म्हणजे जिभेआधीं नाकास वर्दी मिळते.