पुस्तक की मोबाईल? आधी सांगा, मुलाशेजारी कोण बसतं?

लहान मुलाला छापील गोष्टीचं पुस्तक द्यावं की मोबाईलवरचं, हा वाद आता आपल्या वस्त्यांतही ऐकू येतो. आम्ही या वादाकडे महाडवरून बघतो.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 साली लष्करातून निवृत्त झाले आणि त्यांनी अस्पृश्यतेला जाब विचारणारी पुस्तिका छापली. कोकणातल्या महारांना अक्षर मिळालं ते मुख्यतः पलटणीतून, गावच्या शाळेतून नव्हे. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. घरी ते मुलांना शेजारी बसवून पाठ करून घेत. भीमरावांच्या पुस्तकांसाठी त्यांनी लेकीचे दागिने मागून आणून गहाण ठेवले, हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण त्या पुस्तकांइतकंच शेजारी बसणारा बापही मोलाचा होता, हे कुणी सांगत नाही.

याच महाडात रामचंद्र बाबाजी मोरे या मुलाला शिष्यवृत्ती मिळूनही इंग्रजी शाळेत घेतलं गेलं नाही. वर्तमानपत्रात पत्र छापून आल्यावर दार उघडलं. पुढे 1927 च्या महाड परिषदेच्या संघटकांत हेच मोरे होते. म्हणजे कागदाने आपल्याला दिलंही आणि कागद ज्यांच्या हातात होता त्यांनी अडवलंही. म्हणून छापील पुस्तकाची उगाच आरती ओवाळायला आम्ही तयार नाही.

आता मोबाईल. 2021 साली 1 ते 8 वर्षांच्या 1,812 मुलांवरच्या 39 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. एकच गोष्ट कागदावर आणि पडद्यावर, बाकी काही फरक नाही, अशी तुलना केली तर कागदावर ती जास्त समजते. पडद्यावरची भर गोष्टीचा आशय उलगडणारी असेल तर पडदा वरचढ ठरतो. मात्र मूल एकटं पडद्यावर वाचत असेल, तर मोठं माणूस सोबत बसून वाचतं ते छापील पुस्तक अधिक उपयोगी पडतं. मोठं माणूस वाचताना थांबतं, विचारतं, 'हा मासा कुठला रे?' मुलाची भाषा या विचारण्यातून वाढते.

पडद्याची एक बाजू मात्र खरी आहे. 2015 साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर'वर चित्रगोष्टी फुकट मिळतात, कुणीही त्यांचा अनुवाद करू शकतं. आगरी, कोळी, कातकरी बोलीत पुस्तक छापायला कुठला प्रकाशक पैसे घालणार आहे?

पण गरिबाच्या पोराला 'फोन आहे ना' म्हणून वाचनालय नाकारायचं आणि वरच्या घरांत रंगीत पुस्तकांची कपाटं, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. प्रत्येक अंगणवाडीत छापील गोष्टींची पेटी हा हक्क म्हणून मागा. आणि आई दिवसभर कामावर असेल, तर विहारात संध्याकाळी अर्धा तास कुणी वाचून दाखवायचं, हे आपल्या मंडळाने ठरवावं. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वळवला तरी पहिली पेटी येते. हे बोललं की काही कार्यकर्ते रागावतात. रागवू द्या.